उरेबातले सतरा इंच

दापोऱ्याच्या शेतात चार भाऊ माझ्याभोवती उभे होते आणि माझा लॅपटॉप मधेच अडकला होता.

पडद्यावर केळी पिकवायच्या खोल्यांचं चित्र होतं. ते वळवून मागची बाजू दाखवायला गेले, तर अर्धं वळलं आणि तिथेच थिजलं. पत्रा एकीकडे, भिंती दुसरीकडे, आणि मध्ये गोल फिरणारं ते चक्र. ऊनही असं होतं की पडद्यात चित्रापेक्षा आमचेच चेहरे जास्त दिसत होते. मागे उभे असलेले दोघं माना उंच करून बघत होते. त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण ते समजूतदारपणे माना हलवत होते.

"ताई, राहू द्या," थोरला भाऊ म्हणाला. "तुम्ही कागदावरच आणून दाखवा पुढच्या वेळी."

धाकटा हसला. "ताईंची मशीनच थकली दादा. बारा वाजले तिचे."

कोणी वाईट बोललं नव्हतं. चहा दिला, निघताना केळीची फणी गाडीच्या हुकाला अडकवून दिली. तरी स्कूटरवरून बऱ्हाणपूरला येईपर्यंत माझे कान गरम होते. चित्र चांगलं होतं. गाडी कुठून आत येईल, क्रेट कुठे उतरतील, गार हवा कुठून फिरेल, सगळं मी पंधरा दिवस बसून नीट मांडलं होतं. ते त्या चार माणसांच्या डोळ्यांपर्यंत पोचलंच नाही, याचं मला वाईट वाटत होतं.

मी सिव्हिल इंजिनिअर. माहेर सीमेपलीकडे, महाराष्ट्रात. लग्न होऊन बऱ्हाणपुरात आले तेव्हा इथे माझ्या शिक्षणाची नोकरी मिळाली नाही, म्हणून घरूनच काम सुरू केलं: गोदामं, पॅकिंगच्या शेड, केळी पिकवायच्या खोल्या. तापीच्या काठाकाठाने केळीच केळी, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. पण माझं काम टेबलावर बसून संपत नसे. शेतमालक बांधावर भेटतो, बांधावरच विचारतो, आणि उत्तर त्याला बांधावरच हवं असतं. नवऱ्याचा कॉलेजातला जुना लॅपटॉप घेऊन मी दोन वर्षं ओढली. त्या दिवशी घरी आल्यावर तो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, बस झालं.

घरात आम्ही तिघं. नवरा शाळेत विज्ञान शिकवतो. आणि सासूबाई. सासरे गेले तेव्हा त्यांना दोन लहान मुलं होती आणि एक शिवणयंत्र. त्या यंत्रावर त्यांनी मुलं वाढवली, मुलीचं लग्न केलं, मुलाला शिकवलं. मी आले तोवर राजपुऱ्यातल्या आमच्या पुढच्या खोलीत त्यांचा शिवणक्लास तीस वर्षं चालू होता. रस्त्यानं जाणाऱ्या बाईकडे बघून "हिची छाती छत्तीस, खांदा साडेतेरा" असं त्या सांगत, आणि टेप लावला तर तेच निघे. मी त्यांना आई म्हणते. त्या मला बेटा म्हणतात आणि रागावल्या की सूनबाई.

त्या संध्याकाळी मी जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, "काय झालं? केळं कच्चं निघालं का?"

मी सांगितलं. मग असंही सांगितलं, की मला मोठं मशीन घ्यायचं आहे. मोबाइल वर्कस्टेशन म्हणतात त्याला. ऑफिसात टेबलाखाली जो मोठा डबा असतो ना, त्याच्याइतकं काम करतं, पण मिटून पिशवीत घालता येतं.

"केवढ्याला?"

"दीड लाखापासून अडीच लाखांपर्यंत."

त्यांनी पोळी ताटात ठेवली. "बेटा, एवढ्यात तर माझ्या क्लासला वीस मशिनी येतील."

"येतील," मी म्हटलं. "पण त्यातली एकही माझं काम करणार नाही."

नवरा खाली मान घालून भात कालवत होता. आई म्हणाल्या, "बरोबर आहे. मी पहिली मशीन घेतली तेव्हा माझ्या सासूनेही असंच म्हटलं होतं, एवढ्यात म्हैस येईल. म्हशीने ब्लाउज शिवला नसता." आणि पोळी परत उचलली. "पण घेशील तर माप घेऊन घे. बिनमापाचं काही आणायचं नाही या घरात."

मला वाटलं, बोलण्याची गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लास सुटल्यावर त्या चष्मा लावून माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. "दाखव."

मी तीन मशिनं निवडली होती. वहीच्या पानावर तीन रकाने आखून किंमत, पडद्याचा आकार, लांबी-रुंदी, जाडी, वजन असं सगळं उतरवलं होतं. पहिलं साडेपंधरा इंची पडद्याचं, दीड लाखाला थोडं कमी, वजनाने बेताचं. दुसरं सतरा इंची, जाडजूड, पावणेदोन लाखांच्या आसपास, साडेतीन किलो, वर पाऊण किलोचा चार्जर. तिसरंही सतरा इंची, पण पातळ, नव्या तऱ्हेचं, दिसायला देखणं आणि अडीच लाखांच्या वर. नावं आणि आकडे इतके लांबलचक होते की आईंनी लगेच बारसं करून टाकलं. पहिलं 'पाटी', दुसरं 'ढोल', तिसरं 'नवरी'.

त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "हे सतरा इंच म्हणतेस, आणि इथे रुंदी साडेसोळा लिहिली आहेस. सोळात सतरा कसे बसले? चुकलीस तू."

"नाही आई. सतरा इंच पडद्याचा कर्ण आहे. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरपा."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "उरेबात मोजतात?"

कापड आडवं-उभं न धरता तिरपं धरलं की त्याला उरेब म्हणतात. गळ्याची पट्टी उरेबात कापतात, कारण तिरपं कापड ताणलं की वाढतं.

"चलाख आहेत लोक," आई म्हणाल्या. "उरेबात कुठलंही कापड जास्तच वाटतं. चल, आपण सरळ मापाने बघू."

क्लासमध्ये आराखडे काढायचा जाड खाकी कागद त्यांनी काढला. मी आकडे सांगत गेले, त्या पट्टीने आखत गेल्या. सेंटिमीटर त्यांना चालले नाहीत. सगळं इंच आणि सूतात करून घेतलं. एका इंचाचे आठ सूत. मग त्यांच्या मोठ्या कैचीने तीन कागद कापले आणि प्रत्येकावर खडूने नाव लिहिलं. पाटी, ढोल, नवरी. माझ्या कामातही कैची असते, पत्र्याखालच्या लोखंडी तिकोनी चौकटीला कैचीच म्हणतात. दोन वर्षं मी घरात तो शब्द फोनवर बोलत होते. त्या दिवशी आईंनी पहिल्यांदा विचारलं, "तुझी ती कैची म्हणजे नेमकी काय गं?" मी चित्र काढून दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे छताचा खांदा. खांदा नीट बसला की बाकी कपडा आपोआप बसतो." चार वर्षं कॉलेजात कैचीचं गणित शिकले होते, पण इतक्या नीट कोणी सांगितलं नव्हतं.

कागद कापून झाल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. तिन्ही कागद आधी माझ्या टेबलावर, मग स्कूटरच्या डिकीत, मग पाय ठेवायच्या जागेवर ठेवून बघितले. डिकीत एकही मावला नाही. पाय ठेवायच्या जागेवर ढोल आडवा मावत नव्हता, उभा मावत होता. मांडीवर घेतले तर पाटी आणि नवरी दोन्ही बसल्या, ढोल मात्र दोन्हीकडून बाहेर आला.

"मांडीवर घ्यायचा आहे का तुला?" आईंनी विचारलं.

"नाही. शेतात खाटेवर, नाहीतर ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवते."

"मग मांडीचं माप कशाला?" त्यांनी वहीतल्या त्या ओळीवर काट मारली.

पडद्याची गोष्ट राहिली होती. मी एकच नकाशा दोन आकारांत छापून आणला, एक साडेपंधरा इंची पडद्याएवढा, एक सतरा इंचीएवढा. दुसऱ्या दिवशी आईंनी ते दोन्ही कागद क्लासच्या भिंतीला टाचण्यांनी लावले आणि शिवायला आलेल्या बायकांना समोर दोन रांगांत उभं केलं. मागच्या रांगेत सगळ्यात वयस्कर बाई होत्या, इतवाऱ्याहून येणाऱ्या. नातवाचे कपडे शिवायला शिकत होत्या.

"वाचा काकू. मधल्या खोलीची लांबी किती लिहिली आहे?"

काकूंनी लहान कागदाकडे डोळे बारीक करून बघितलं. "तीन आहे की आठ?"

"आता दुसरा बघा."

"आठ. पुढे फुटाची खूण." त्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

आई माझ्याकडे वळल्या. "पाटी गेली." आणि बायकांना म्हणाल्या, "बसा आता, काज करायला घ्या."

म्हणजे ढोल आणि नवरी उरले. दोघांचा पडदा सारखा. नवरी एक किलोनं हलकी आणि ऐंशी हजारांनी महाग. त्या किलोची किंमत मोजायची की नाही, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, वजनाचं काय, उचलून घेईन.

"बोलून वजन कळत नाही," आई म्हणाल्या. माळ्यावर कोळशाची जुनी इस्त्री होती, आता कोणी वापरत नसलेली. त्यांनी ती माझ्या कामाच्या पिशवीत घातली, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवली आणि पाव पाव किलो तूरडाळ घालत सव्वाचार किलो बरोबर करून आणली. "आठ दिवस हे घेऊन कामावर जा. आठव्या दिवशी सांग."

मी गेले. दापोऱ्याला गेले, रेणुकेच्या मंदिराकडे एक गोदाम चालू होतं तिथे रोज गेले. चांदनीला पॅसेंजरने गेले. स्टेशनातून शेतापर्यंत दीड-दोन किलोमीटर चालायचं होतं. पिशवी एका खांद्यावर होती आणि अर्ध्या रस्त्यात तो खांदा भरून आला. शेतमालक घ्यायला पुढे आला होता. त्याने अदबीने पिशवी हातात घेतली आणि चकित होऊन म्हणाला, "मॅडम, यात लोखंड आहे काय?"

"इस्त्री आहे," मी म्हटलं.

त्याने थांबून पिशवीत बघितलं. इस्त्री आणि तूरडाळ. मग माझ्याकडे बघितलं. मी त्याला सगळी हकिगत सांगितली तेव्हा तो बांधावर बसून हसला. पण नंतर गंभीर होऊन म्हणाला, "मी मागच्या वर्षी पंप घेतला तो फोटो बघून. आला तेव्हा विहिरीवरच्या ओट्यावर मावला नाही. तुमच्या सासूबाईंना विचारायला पाहिजे होतं."

आठव्या दिवशी मी सांगितलं, एका खांद्यावर जमणार नाही, दोन्ही खांद्यांवर जमेल. आईंनी मान डोलावली. "मग ढोल घे. पट्टा मी देते." ऐंशी हजारांचा प्रश्न त्यांनी दोन पट्ट्यांत सोडवला. जाड कॅनव्हासची पिशवी त्यांनी स्वतः शिवली, आत गोधडीसारखे टाके घालून, ढोलाच्या कागदी मापावर सगळीकडून चार सूत सैल.

आता घ्यायचं कुठून? तेव्हा नुकताच सगळ्या देशात एकच कर लागू झाला होता आणि महाराष्ट्राच्या सीमेवरचा तपासणी नाका उठला होता. आधी जळगावहून काही मोठं आणायचं म्हटलं की कागदपत्रांची धास्ती असे, दोन राज्यांचे दोन भाव असत. माझं माहेर त्या नाक्यापलीकडचं, त्यामुळे मला तो नाका नेहमी उंबऱ्यात आडव्या ठेवलेल्या काठीसारखा वाटे. आता इंदूर आणि जळगाव दोन्ही सारखीच आपली झाली. मी दोन्हीकडे फोन केले. इंदूरच्या दुकानाने जळगावपेक्षा सहा हजार कमी सांगितले. नवऱ्याच्या शाळेत परीक्षा होती. आई म्हणाल्या, मी येते.

सकाळच्या बसने निघालो. आईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि हातात नळीसारखा गुंडाळलेला खाकी कागद होता. डब्यात दराबा होता, बऱ्हाणपूरची खास मिठाई, इंदूरला ओळखीच्या घरी द्यायला. असीरगड गेला, खंडवा गेलं, घाट चढून झाला. आई रस्ताभर खिडकीतून बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मशीन घ्यायला मी एकटी गेले होते. तेव्हा दुकानदाराने विचारलं होतं, घरातलं कोणी मोठं माणूस नाही का आलं?"

इंदूरचं दुकान दोन मजली होतं, काचेचं, गार. काउंटरवरचा माणूस चाळिशीचा, टापटीप. त्याने आम्हा दोघींकडे बघून विचारलं, "बच्चों की पढ़ाई के लिए चाहिए, मैडम?"

मी म्हटलं, मला माझ्या कामासाठी हवंय, आणि फोनवर सांगितलेल्या मॉडेलचा लांबलचक आकडा म्हणून दाखवला. तो जरा सावरला. खोका आला. त्याने मशीन काढून काचेवर ठेवलं. काळं, दणकट, झाकणावर तेच नाव. माझं मन लगेच त्याच्यावर बसलं, खोटं कशाला बोलू. उघडून बघितलं, पडदा स्वच्छ होता. मी पाकीट काढायच्या बेतात होते.

"एक मिनिट," आई म्हणाल्या.

त्यांनी कागदाची गुंडाळी सोडली, ढोलाचं माप काचेवर पसरलं आणि त्या माणसाला म्हणाल्या, "भैया, जरा इसके ऊपर रखो."

तो हसला, पण ठेवलं. कागदाची एक कड मशीनच्या कडेला लावली. दुसऱ्या कडेला मशीन कागदाबाहेर आलं. थोडंच. आईंनी चोळीतून टेप काढला. "चार सूत," त्या म्हणाल्या. अर्धा इंच.

"माताजी, कागज में थोड़ा फर्क आ गया होगा," तो म्हणाला.

"माझ्या कागदात?" आई मराठीत म्हणाल्या, मग हिंदीत, हळू आवाजात, "तीस साल से काट रही हूँ, भैया. कागज में एक सूत का फर्क नहीं आया. मशीन में देखो."

मी मशीन उलटं केलं. खालच्या चिठ्ठीवरचा आकडा वाचला. नाव तेच, पण शेवटची दोन अक्षरं वेगळी. मी चालू करून आतली माहिती उघडली. चित्र फिरवायचं काम ज्या भागावर चालतं, तो एक पिढी जुना होता. नाव तेच ठेवून कंपनीने नंतर अंगही बदललं होतं आणि आतला जीवही, आणि हे आधीचं होतं. मी हे सगळं त्याला इंग्रजी शब्दांसकट, न अडखळता सांगितलं.

वरच्या मजल्यावरून मालक आले. पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, काउंटरवरच्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाले की गोदामातून चुकून जुना नग आला असेल. चुकून की कसं, ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. नवा त्यांच्याकडे नव्हता. म्हणाले, जुनाच घ्या, वीस हजार कमी करतो.

वीस हजार! मी आईंकडे बघितलं. त्या कागदाची गुंडाळी करत होत्या. माझ्याकडे बघतच नव्हत्या. हा निर्णय माझा आहे, असं न बोलता त्यांनी सांगितलं.

"नको," मी म्हटलं. "जे काम करायचंय ते याच्याने होणार नाही."

मालकांनी विचारलं, "आप दोनों में इंजीनियर कौन है?"

"ये," आईंनी माझ्याकडे हात केला. "मेरी बहू. मैं तो दर्ज़िन हूँ."

"नाप इनका है," मी म्हटलं.

रिकाम्या हातांनी आम्ही बस स्टँडवर आलो. तरी मला हलकं वाटत होतं. पोहे खाल्ले. आई म्हणाल्या, "वाचून दाखवलंस ना त्याला सगळं, ते मला कळलं नाही. पण तो गप्प बसला, ते कळलं." आणि पदराने माझ्या गालावरचा पोह्याचा कण पुसला, मी सात वर्षांची असल्यासारखा. इतक्या वर्षांत त्यांनी मला असा हात लावला नव्हता.

पुढच्या आठवड्यात जळगावला गेलो. दुकान लहान होतं, एका खोलीचं. दुकानदाराने आधीच खालच्या चिठ्ठीचा फोटो मागवून मला पाठवला होता. खोका आमच्यासमोर फोडला. आईंनी कागद पसरला. मशीन कागदावर ठेवलं आणि चारी कडा अशा जुळल्या की दुकानदार स्वतः खाली वाकून बघायला लागला. "मावशी, हे माप मला देऊन जाता का? बाकी गिऱ्हाइकांना दाखवीन."

"तुझं तू काप," आई म्हणाल्या. "मापं उसनी देत नाही मी."

सहा हजार जास्त गेले. ते माझे होते, दोन वर्षांच्या कामातले. येताना गाडी जिथे नाका होता तिथून न थांबता निघून गेली. पिशवी माझ्या दोन्ही खांद्यांवर होती, बसायला जागा होती तरी मी ती उतरवली नाही.

दापोऱ्याचं काम मला मिळालं. त्यानंतर आणखी तीन. पण मला सांगायचंय ते तुकईथडचं. तिथल्या शेतकऱ्यांनी मिळून एक मोठी पॅकिंग शेड बांधायची ठरवली होती. बैठकीला पंचवीस-तीस माणसं होती. मी मशीन खुर्चीवर ठेवलं आणि शेड चारी बाजूंनी फिरवून दाखवली. एक म्हातारे गृहस्थ मागून म्हणाले, "ट्रक आत आला, पण वळणार कुठे?" मी मोजलं. त्यांचं खरं होतं. लांब ट्रक तिथे वळला नसता. मी तिथल्या तिथे खांबांची एक ओळ मागे सरकवली, कैच्या लांबवल्या, लोखंड किती वाढलं ते मशीनने सांगितलं, आणि दुसऱ्या मिनिटाला सगळ्यांना पडद्यावर नवी शेड दिसली. म्हाताऱ्यांनी पुढे येऊन ट्रकच्या वाटेवर बोट फिरवलं. "आता वळला," ते म्हणाले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण अध्यक्षांनी लगेच पुढचा विषय घेतला, पाया कधी खणायचा.

शेड पुरी व्हायला पावसाळ्यानंतरचे सगळे महिने गेले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दारावरचा फलक रंगवायला रंगारी आला होता. अध्यक्षांची, समितीची नावं त्याने लिहून झाली. शेवटची ओळ राहिली. 'अभियंता' असं लिहून त्याने ब्रश वर धरला आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "सर, आपका पूरा नाम?"

नवरा म्हणाला, "माझं कशाला? मी इथे एक वीटही मोजली नाही. यांना विचारा."

रंगारी माझ्याकडे वळला. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. त्याने ऱ्हस्व-दीर्घ विचारलं, मी कागदावर लिहून दिलं. आईंनी तो कागद मागून घेतला, नीट वाचला, आणि रंगाऱ्याला म्हणाल्या की बाकीची नावं जेवढ्या उंचीची आहेत तेवढंच हेही पाहिजे, लहान नको. त्याने पट्टी लावून ओळी आखल्या.

रंग वाळायला दोन तास लागले. आम्ही तिघंही तोवर थांबलो. नवऱ्याने चहा आणला. आई शेडच्या मधोमध उभ्या राहून, डोक्यावरच्या लोखंडाकडे बघत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत चालल्या. परत येऊन मला म्हणाल्या, "बरोबर आहे."